फ्रेशरच्या रेझ्युमेत छंद आणि यश कसं मांडावं

शेवटच्या वर्षाला असलेल्या मुलामुलींचे रेझ्युमे वाचणं आणि त्यांच्यासोबत बसून ते दुरुस्त करणं हे माझं रोजचं काम आहे. त्यातल्या बहुतेकांच्या तळाशी एक ओळ ठरलेली असते : ‘छंद – वाचन, संगीत ऐकणे, क्रिकेट खेळणे.’ ही ओळ सीनियरच्या फाईलमधून आलेली असते आणि त्या सीनियरनं ती त्याच्या सीनियरकडून घेतलेली असते. वाचणारा तिच्यावर क्षणभरही थांबत नाही. याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण ज्याला नोकरीचा अनुभव नाही, त्याच्याकडे स्वतःचं असं सांगण्याजोगं जे काही असतं ते बरेचदा नेमकं याच ओळीत अडकून पडलेलं असतं.

दहा वर्षं नोकरी केलेल्या माणसानं छंद लिहिले नाहीत तरी काही बिघडत नाही. त्याची कामं बोलतात. फ्रेशरचं तसं नसतं. एकाच वर्गातल्या साठ जणांची पदवी तीच, विषय तेच आणि प्रोजेक्टही बरेचदा तेच. मग समोरच्यानं तुम्हाला वेगळं ओळखायचं कशावरून? मार्क मिळणार नव्हते, कुणी हजेरी घेणार नव्हतं, तरीही तुम्ही जे वर्षानुवर्षं केलंत त्यावरून. म्हणून या भागाकडे जागा भरायची ओळ म्हणून बघू नका. एकच कसोटी लावा : ज्यावर तुम्ही पाच मिनिटं न अडखळता बोलू शकता तेवढंच लिहायचं, आणि जे लिहाल ते काम म्हणून लिहायचं.

रेझ्युमे बहुधा इंग्रजीतच द्यावा लागतो. पण पहिला खर्डा मराठीत करा असं मी सगळ्यांना सांगते. थेट इंग्रजीत लिहायला बसलं की ‘हार्डवर्किंग’, ‘डायनॅमिक’, ‘पॅशनेट’ असे तयार शब्द आपोआप येतात आणि आपण नेमकं काय केलं ते राहून जातं. मराठीत लिहिताना खरं काय ते कागदावर येतं. खालची उदाहरणंही मी मराठीतच दिली आहेत. मजकूर पक्का झाला की इंग्रजी करणं अवघड नाही.

पायरी १ : कच्ची यादी

घरातली सर्टिफिकेटांची फाईल काढा आणि शेजारी वही घेऊन बसा. रेझ्युमेत काय शोभेल याचा विचार आत्ता करू नका. दहावीपासून आजपर्यंत अभ्यासाव्यतिरिक्त जे जे केलं ते सगळं लिहून काढा. आईला किंवा मोठ्या बहिणीला जवळ बसवा. तुम्ही विसरलेल्या गोष्टी त्यांच्या पक्क्या लक्षात असतात.

आठवायला मदत म्हणून काही दिशा देते. चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षा दिल्या होत्या का? गाणं, तबला, हार्मोनियम किंवा कथक शिकत असाल तर गांधर्व महाविद्यालय मंडळाची कुठली परीक्षा झाली? प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा की विशारद? एनसीसी (राष्ट्रीय छात्र सेना), एनएसएस (राष्ट्रीय सेवा योजना)? तालुका, जिल्हा किंवा विद्यापीठ पातळीवरचा खेळ? गॅदरिंगचं सूत्रसंचालन, भित्तिपत्रक, कॉलेजच्या नियतकालिकाचं संपादन? एकांकिका, वक्तृत्व, वादविवाद? विद्यापीठाच्या ‘आविष्कार’ संशोधन स्पर्धेत किंवा ‘इंद्रधनुष्य’ युवक महोत्सवात भाग? गोव्यात असाल तर कला अकादमीची भजनी किंवा नाट्यस्पर्धा?

आणि ज्याचं सर्टिफिकेट मिळत नाही तेही लिहा. वडिलांच्या दुकानात संध्याकाळी गल्ल्यावर बसणं, घरच्या दुधाचा डेअरीवर हिशोब ठेवणं, दिवाळीत आईबरोबर फराळाच्या ऑर्डर घेणं, वस्तीतल्या लहान मुलांच्या शिकवण्या, ढोल-ताशा पथक, मंडळाचं काम, यूट्यूबवरचं चॅनल, मोबाइल दुरुस्ती. पुष्कळ मुलांना हे सांगण्यासारखं वाटत नाही. मला मात्र मागे लागून काढून घ्यावं लागतं ते हेच.

पायरी २ : यादीचे चार भाग करा

कच्च्या यादीत चार वेगवेगळ्या गोष्टी एकत्र आलेल्या असतात. छंद म्हणजे जे तुम्ही आवडीनं आणि सातत्यानं करता. यश म्हणजे जिथं कुणीतरी तुम्हाला निवडलं, क्रमांक दिला किंवा परीक्षा घेऊन श्रेणी दिली. जबाबदारी म्हणजे जिथं काम तुमच्या नावावर होतं आणि ते बिघडलं असतं तर तुम्हाला विचारलं गेलं असतं. चौथा भाग कौशल्याचा. एमएस-सीआयटी, महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची संगणक टायपिंगची परीक्षा, एखादी परकीय भाषा या गोष्टी छंद किंवा यश या मथळ्याखाली घालू नका. त्यांची जागा कौशल्यं आणि प्रमाणपत्रांमध्ये. मराठी टायपिंग मिनिटाला ३० शब्दांची परीक्षा पास झालेला उमेदवार ती ओळ छंदाखाली लिहितो तेव्हा कार्यालयीन नोकरी देणाऱ्याला हवी असलेली नेमकी गोष्ट त्याच्या नजरेतून सुटते.

या चारांत फ्रेशरसाठी सगळ्यात वजनदार कुठलं, असं विचाराल तर माझं उत्तर जबाबदारी. बक्षीस एका दिवसाचं असू शकतं. तीन वर्षं एखादं काम नीट सांभाळलं हे मला जास्त सांगून जातं.

शाळेतल्या गोष्टींचं काय? पाचवीची शिष्यवृत्ती, आठवीतलं निबंध स्पर्धेचं बक्षीस हे पदवीनंतरच्या रेझ्युमेत ठेवू नका. अपवाद एकच : ती साखळी पुढे चालू राहिली असेल तर. शाळेत तालुक्याला खो-खो खेळलात आणि पुढे विद्यापीठाच्या संघात निवड झाली, तर विद्यापीठाची ओळ लिहा. शाळेचं त्यात आपोआप आलं.

पायरी ३ : जाहिरात समोर ठेवून निवड करा

एकच रेझ्युमे पन्नास ठिकाणी पाठवायची सवय आधी सोडा. निदान हा भाग तरी जागेनुसार बदला. जाहिरात वाचा आणि त्या कामात माणसाला दिवसभर काय करावं लागेल ते एका वाक्यात लिहा. विक्रीच्या कामात अनोळखी माणसांशी बोलावं लागेल, नकार पचवावे लागतील. तिथं मंडळासाठी जाहिरातदार मिळवलेत ते वर येऊ द्या. सॉफ्टवेअर टेस्टिंगच्या कामात चिकाटीनं चुका शोधायच्या असतात. तिथं नियतकालिकाचं मुद्रितशोधन किंवा बुद्धिबळ जवळचं. यूआय डिझाइनसाठी (अ‍ॅप किंवा वेबसाइटचे पडदे आखण्याच्या कामासाठी) अर्ज करणाऱ्या मुलीची इंटरमिजिएटची ‘ए’ श्रेणी आणि रांगोळीची कामं ठळक असायला हवीत, जमल्यास त्यांच्या फोटोंची लिंक देऊन.

पण ओढूनताणून नातं जोडू नका. बासरी वाजवता म्हणून ‘टीमवर्क’ सिद्ध होत नाही. बासरी बासरीच राहू द्या. आठ वर्षं रियाज केला हे तिचं मोल पुरेसं आहे.

पायरी ४ : ओळ कशी लिहायची

खरं काम इथं आहे, म्हणून इथं जरा रेंगाळू.

बीकॉम झालेला एक मुलगा अकाउंट्स असिस्टंटच्या जागेसाठी रेझ्युमे घेऊन आला होता. छंदात ‘सामाजिक कार्य’ असं लिहिलेलं. विचारलं, म्हणजे काय करतोस? म्हणाला, “काही विशेष नाही मॅडम, गणपतीत पावत्या फाडतो.” कुणाच्या पावत्या, किती, पैसे कुठं जातात, असं विचारत गेले तेव्हा हळूहळू सगळं बाहेर आलं. तो तीन वर्षं मंडळाचा खजिनदार होता. पावतीपुस्तकं कार्यकर्त्यांना देताना कुठल्या क्रमांकापासून कुठल्या क्रमांकापर्यंत कुणाला दिली याची नोंद तो ठेवायचा. रोज रात्री रोकड मोजून पुस्तकात उरलेल्या स्थळप्रतींशी ताळा करायचा. यूपीआयवर आलेली वर्गणी बँकेच्या स्टेटमेंटशी जुळवायचा. मांडववाला, साउंडवाला, मूर्तिकार यांची बिलं बघून पैसे द्यायचा. वर्गणीच्या परवानगीसाठी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात कागद तोच घेऊन जायचा, आणि विसर्जनानंतर जमाखर्च फलकावर लागायचा तो त्याच्या सहीनं.

ज्या जागेसाठी तो अर्ज करत होता तिथलं निम्मं काम त्यानं आधीच केलेलं होतं, आणि रेझ्युमेवर होतं ‘सामाजिक कार्य’. आम्ही ती ओळ अशी केली :

‘खजिनदार, सार्वजनिक गणेशोत्सव मंडळ, सलग तीन वर्षं. सुमारे १८० घरांच्या वर्गणीचा रोख आणि यूपीआय हिशोब, बँक स्टेटमेंटशी ताळमेळ, पुरवठादारांची बिलं तपासून देयकं, उत्सवानंतर जमाखर्च सादर.’

यात एकही विशेषण नाही हे बघा. ‘उत्तम’, ‘यशस्वीरीत्या’, ‘विविध’, ‘अनेक’ यांतलं काही नाही. पद काय, किती काळ, काय काम, किती मोठं काम एवढंच. ओळ लिहून झाली की असे शब्द शोधून काढून टाका. ते गेल्यावर ओळीत काही उरलं तर ओळ चांगली. काहीच उरलं नाही तर मुळात सांगण्यासारखं अजून तुमच्या ध्यानातच आलेलं नाही, म्हणून पुन्हा पहिल्या पायरीवर जा.

आणखी काही ओळी बदलून दाखवते.

‘ट्रेकिंग’ या एका शब्दानं काही कळत नाही. एकदा लोणावळ्याला जाऊन आलेलाही तेच लिहितो. त्याऐवजी : ‘सह्याद्रीतली दुर्गभ्रमंती, पाच वर्षं. रतनगड ते हरिश्चंद्रगड या तीन दिवसांच्या ट्रेकमध्ये १२ जणांच्या गटाचं मार्ग, पाणी आणि शिध्याचं नियोजन.’ गिर्यारोहणाचं प्राथमिक प्रशिक्षण घेतलं असेल, समजा उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेत, तर संस्थेचं नाव, वर्ष आणि मिळालेली श्रेणी लिहा. ते आता छंदात राहत नाही, यशात जातं.

‘वाचन’ असेल तर काय वाचता ते लिहा. ‘वाचन : मराठी प्रवासवर्णनं आणि चरित्रं. महाविद्यालयाच्या वाचक मंडळात दर महिन्याला एका पुस्तकाचा परिचय.’ वाचक मंडळ नसेल तर पहिलं वाक्यही पुरतं. विषय सांगितला की समोरच्याला प्रश्न विचारायला जागा मिळते.

‘स्वयंपाक’ लिहिणाऱ्या एका मुलीशी बोलताना कळलं की ती दिवाळीत आईबरोबर फराळाच्या ऑर्डर घेते. चकलीच्या भाजणीपासून तेल, गॅस, डबे आणि मदतीला येणाऱ्या ताईंची मजुरी धरून किलोमागे खर्च काढायचं काम तिचं. मग ओळ झाली : ‘घरगुती फराळ व्यवसाय, तीन हंगाम. ऑर्डरची नोंद, किलोमागे खर्च आणि विक्री किंमत ठरवणं, व्हॉट्सअ‍ॅपवर ग्राहकांशी संपर्क.’ हे छंदाखाली ठेवू नका. ‘अनुभव’ असा मथळा द्या आणि संकोच करू नका. तो अनुभवच आहे.

नाटकवाल्यांसाठी एक वेगळी सूचना. पुरुषोत्तम करंडकात प्रकाशयोजना केली हे पुण्यात सांगायला स्पष्टीकरण लागत नाही. पण रेझ्युमे वाचणारी व्यक्ती हैदराबादेत किंवा गुरुग्राममध्ये बसलेली असू शकते. तिला नुसत्या नावावरून काही कळणार नाही. म्हणून नावापुढे अर्धी ओळ खर्च करा : ‘पुरुषोत्तम करंडक, पुण्यात १९६३ पासून होणारी आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा : अंतिम फेरी, प्रकाशयोजना.’ हाच नियम ढोल-ताशा पथकाला, मल्लखांबाला, विशारदला लागू. ‘विशारद पूर्ण’ लिहिताना ‘अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांमधला सातवा टप्पा’ असं जोडलं की अनोळखी माणसालाही त्यामागची वर्षं दिसतात.

एनएसएसची ओळ तर जवळजवळ सगळेच वाया घालवतात. ‘एनएसएस स्वयंसेवक’ एवढंच लिहितात. दोन वर्षांत २४० तास काम आणि सात दिवसांचं विशेष निवासी शिबिर अशी ती योजना आहे. त्या शिबिरात कुठल्या गावात काय केलंत? बंधारा बांधलात, शोषखड्डे खणलेत, घरोघरी सर्वेक्षण केलंत? गटप्रमुख होतात का? ते लिहा. एनसीसीवाल्यांनी ‘बी’ की ‘सी’ सर्टिफिकेट, त्याची श्रेणी, रँक आणि केलेली शिबिरं लिहावीत.

आकडे द्या, पण जे मोजता येतात आणि खरे आहेत तेच. अंदाज असेल तर ‘सुमारे’ लिहा. छंदात आकडा नसेल तर काळ लिहा. ‘सहा वर्षांपासून’ हे दोन शब्दही पुष्कळ काम करतात.

पायरी ५ : किती आणि कुठं

फ्रेशरचा रेझ्युमे एका पानाचा. त्यात या सगळ्याला मिळून चार ते सहा ओळी. यश आणि जबाबदारीच्या ओळी शिक्षण आणि प्रोजेक्टनंतर, छंद सगळ्यात खाली आणि दोनच. मोठ्या कंपन्यांत अर्ज आधी सॉफ्टवेअर वाचतं, म्हणून तारे, पट्ट्या, चित्रं, दोन रकान्यांची नक्षी यांत मजकूर अडकवू नका. साधे मथळे, साधा मजकूर, पीडीएफ.

पायरी ६ : काय वगळायचं

लग्नाच्या बायोडेटातून आलेल्या गोष्टी आधी काढा. जात, धर्म, उंची, वडिलांचा व्यवसाय यांचं खासगी नोकरीच्या रेझ्युमेत काम नाही. पक्षाच्या युवक शाखेतलं पदही टाळा. तुमच्या मताचा अभिमान तुम्हाला जरूर असावा, पण वाचणारा कुठल्या मताचा आहे ते ठाऊक नसतं आणि तिथं ते ठरवायचंही नसतं.

वारीबद्दल मला पुष्कळ जण विचारतात. माझं मत असं : आळंदी ते पंढरपूर चाललात ही तुमची श्रद्धा, ती तुमच्यापाशी राहू द्या. दिंडीत दोनशे माणसांच्या पाण्याची, जेवणाची, औषधांची सोय बघितली असेल तर ते काम आहे, आणि ते निःसंकोच लिहा.

नुसत्या सहभागाची प्रमाणपत्रं गाळा. विशेषतः लॉकडाउनच्या काळात ऑनलाइन प्रश्नमंजुषेची दहा प्रश्नांत मिळणारी ई-प्रमाणपत्रं ढिगानं वाटली गेली. त्यांची यादी दिली की वाचणाऱ्याचा बाकीच्या ओळींवरचा विश्वासही उडतो. ‘राज्यस्तरीय’, ‘राष्ट्रीय’ हे शब्द तर फार जपून वापरा. फी भरून प्रवेश देणाऱ्या आणि आलेल्या प्रत्येकाला पदक देणाऱ्या स्पर्धाही स्वतःला राष्ट्रीय म्हणवतात. स्पर्धा कुणी भरवली होती, निवड कशी झाली, किती स्पर्धक होते, हे सांगता येत नसेल तर तो शब्द नको. त्यापेक्षा शालेय क्रीडा स्पर्धेतला जिल्ह्याचा दुसरा क्रमांक कितीतरी अधिक मानाचा.

खोटं तर अजिबात नको. बुद्धिबळाचं फिडे (आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघ) रेटिंग कुणीही दोन मिनिटांत शोधून पाहू शकतो. धावण्याच्या मोठ्या शर्यतींचे निकाल नावासकट ऑनलाइन असतात. पण पकडले जाण्याच्या भीतीपेक्षा मला दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते : खोट्या ओळीच्या शेजारी बसलेली तुमची खरी ओळही त्याच नजरेनं वाचली जाते.

पायरी ७ : पाच मिनिटांची तयारी

इंटरव्ह्यूत छंदावरचा प्रश्न बहुतेक वेळा सुरुवातीला येतो, उमेदवाराला मोकळं करायला. तिथंच मुलं गडबडतात, कारण सगळी तयारी विषयाची झालेली असते. लिहिलेल्या प्रत्येक ओळीवर घरी मोठ्यानं बोलून बघा. कधी सुरू केलं, कशामुळे, त्यात अवघड काय गेलं, सध्या काय चालू आहे.

आणि त्या क्षेत्रातल्या ताज्या गोष्टी ठाऊक हव्यात. दुर्गभ्रमंती लिहिली असेल तर २०२५ मध्ये मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, त्यातले ११ महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी, हे माहीत असायलाच हवं. त्यातले तुम्ही कुठले पाहिलेत हा पुढचा प्रश्न ठरलेला. खो-खो लिहिलात तर जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला विश्वचषक झाला आणि भारतानं पुरुष व महिला दोन्ही गटांत तो जिंकला, हे ओठांवर असावं. बुद्धिबळवाल्यांना त्याच वर्षी महिला विश्वचषक जिंकलेली नागपूरची दिव्या देशमुख ठाऊक नसेल तर पॅनेलला शंका येणारच. गाणं लिहिलंत तर सध्या कुठला राग शिकता, त्याचे आरोह-अवरोह काय, एवढं विचारणारा माणूस समोर असू शकतो. म्हणायला सांगितलं तर चार ओळी म्हणा. लाजून ‘नको’ म्हणू नका.

उत्तर पाठ करू नका मात्र. एखादा प्रसंग मनात पक्का ठेवा. खजिनदाराला विचारलं, हिशोब कधी जुळला नाही का? तर ‘नेहमी जुळायचा’ यापेक्षा ‘दुसऱ्या वर्षी दोन हजार कमी आले, एका पावतीपुस्तकाची शेवटची पानं जमाच झाली नव्हती, ती शोधली’ हे उत्तर ऐकणाऱ्याच्या लक्षात राहतं.

सरकारी अर्जांचं थोडं वेगळं

यूपीएससीच्या सविस्तर अर्जात छंद, बक्षिसं, खेळ, नेतृत्वाची पदं हे सगळं विचारलेलं असतं आणि २७५ गुणांच्या व्यक्तिमत्त्व चाचणीत पॅनेलसमोर तोच अर्ज असतो. सैन्यदलात अधिकारी निवडणाऱ्या एसएसबी (सेवा निवड मंडळ) मुलाखतीत वैयक्तिक माहितीचा फॉर्म भरून घेतात, त्यातही खेळ, छंद आणि सांभाळलेल्या जबाबदाऱ्या असतात, आणि मुलाखत घेणारा अधिकारी त्यावरूनच प्रश्न विणत जातो. दोन्हीकडे एकदा लिहिलेलं बदलता येत नाही, म्हणून पाच मिनिटांची कसोटी इथं दसपट कडक लावा. एनसीसीचं ‘सी’ सर्टिफिकेट किमान ‘बी’ श्रेणीत असेल आणि पदवीच्या गुणांची अट पूर्ण होत असेल, तर एनसीसी विशेष प्रवेशातून लेखी परीक्षेशिवाय एसएसबीला जाता येतं. हे ठाऊक नसलेले कॅडेट मला दरवर्षी भेटतात.

महाराष्ट्र शासनाच्या नोकऱ्यांत गुणवंत खेळाडूंना ५ टक्के समांतर आरक्षण आहे. पण हातात नुसतं सर्टिफिकेट असून भागत नाही, क्रीडा व युवक सेवा विभागाकडून त्याची पडताळणी करून घ्यावी लागते. जाहिरात निघाल्यावर धावपळ करण्यापेक्षा ती आधीच उरकून ठेवा. कुठल्या पातळीवरचं कुठलं स्थान कुठल्या गटाच्या पदाला चालतं ते जाहिरातीतल्या अटींवरून बघा.

स्पर्धा परीक्षेत वर्षं गेली असतील तर

हा प्रश्न आपल्याकडे घरोघरी आहे. एमपीएससीच्या तयारीत तीन-चार वर्षं गेली, निकाल लागला नाही, आणि आता खासगी नोकरीच्या रेझ्युमेत तेवढी मोकळी जागा दिसते. ती लपवू नका. ‘राज्यसेवा परीक्षेची पूर्णवेळ तयारी’ असं वर्षांसह लिहा. पूर्व परीक्षा उत्तीर्ण झाला असाल, मुख्य दिली असेल, तर तेही लिहा, ते यश आहे. आणि त्या वर्षांत दुसरं काय केलंत ते आठवा. अभ्यासिकेची जबाबदारी बघितलीत? ज्युनियर मुलांना अंकगणित शिकवलंत? चालू घडामोडींच्या टिपणांचा टेलिग्राम गट चालवलात? रोज ठरल्या वेळी टिपण काढून चारशे मुलांपर्यंत पोहोचवणारा उमेदवार मजकूर-लेखनाच्या, प्रशिक्षणाच्या, कार्यालयीन कामाच्या जागेला लायक आहे. ती वर्षं फुकट गेली असं तुम्हीच मानून रेझ्युमे लिहिलात तर वाचणारा वेगळं काय मानणार?

लिहायला काहीच नसेल तर

कॉलेजचे तास संपल्यावर घरकाम, शेती किंवा नोकरी करत शिकलेल्यांना छंदाला वेळ कुठला? त्यांनी छंदाचा मथळाच ठेवू नये. ‘शिक्षणाबरोबर सकाळी चार तास मेडिकल दुकानात काम, दोन वर्षं’ ही ओळ दहा छंदांना भारी आहे. वेळ असूनही काही केलं नसेल, तर अर्ज करता करता आजपासून एक गोष्ट सुरू करा. जवळच्या वाचनालयात आठवड्यातून एक दिवस पुस्तकांची नोंद करायला जा, गल्लीतल्या ज्येष्ठांना यूपीआय आणि वीजबिल भरायला शिकवा, मराठी विकिपीडियावर आपल्या तालुक्यातल्या ठिकाणांचे लेख संदर्भांसह सुधारा. तीन महिन्यांनी खरी ओळ तयार होते.

परदेशी अर्ज करणाऱ्यांनी त्या देशाची रीत बघावी. अमेरिकेत फोटो, जन्मतारीख, वैवाहिक स्थिती घालत नाहीत. युरोपात ‘युरोपास’ हा युरोपीय संघाचा ठरावीक रेझ्युमे-नमुना चालतो. तिकडे ‘ढोल-ताशा पथक’ऐवजी ‘८० वादकांचं तालवाद्य पथक, दोन महिने रोज सराव’ असं लिहिलं की समजतं.

पाठवण्याआधी

लिहिलेल्या प्रत्येक यशाचं प्रमाणपत्र स्कॅन करून एका फोल्डरमध्ये ठेवा. फाईलच्या नावात वर्ष आणि स्पर्धा असू द्या, म्हणजे कंपनीनं मागितलं की लगेच देता येईल. प्रमाणपत्रावरचं नाव आणि पदवीवरचं नाव जुळतं का ते बघा. मधलं नाव राहून जाणं, आडनावाचं स्पेलिंग वेगळं असणं हे फार वेळा होतं. ज्याचं प्रमाणपत्र नाही, त्या कामासाठी मंडळाच्या अध्यक्षांकडून, दुकानमालकाकडून किंवा एनएसएसच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांकडून लेटरहेडवर चार ओळींचं पत्र घ्या. काम काय आणि कधीपासून कधीपर्यंत, एवढं त्यात असलं की झालं. संस्थेतली माणसं बदलतात, कार्यकारिणी बदलते, म्हणून हे पत्र काम सोडतानाच मागून घ्या.